कंपनी, बंदूक आणि हिशेब : रविवारच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात साखर पेठेतल्या एका माडीवर महिन्यातून एका रविवारी आम्ही पंधरा-वीसजण जमतो. कुणी यंत्रमागावर कामाला, कुणी निवृत्त शिक्षक, दोन-तीन कॉलेजची मुलं, सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार. संस्था नाही, नोंदणी नाही, वर्गणी फक्त चहापुरती. या वर्षी विषय घेतलाय तो कंपन्यांच्या आणि सैन्याच्या हाती एकवटणाऱ्या सत्तेचा. दर वेळी नवं कुणीतरी येतं आणि मागच्या वेळचेच प्रश्न पहिल्यापासून सुरू होतात, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. उत्तरं माझी आहेत. बैठकीचं एकमत फक्त चहा कधी सांगायचा यावर होतं.

म्हणजे कंपन्या वाईट आणि सैन्य वाईट, असं म्हणायचंय का?

नाही. या शहराची निम्मी घरं कुठल्या ना कुठल्या मालकाच्या पगारावर चालली आणि आसपासच्या गावागावांत सैन्यात गेलेली माणसं आहेत. प्रश्न चांगल्या-वाईटाचा नाही, हिशेबाचा आहे. लोकशाहीत ज्याच्या हाती बंदूक आहे त्यानं कुणाला तरी जाब द्यायचा असतो, ज्याच्या हाती पैसा आहे त्यानंही. आणि जाब विचारणारा या दोघांपासून वेगळा असावा लागतो. पैसेवाला बंदूकवाल्याला माल विकतो, बंदूकवाला निवृत्त झाल्यावर पैसेवाल्याकडे कामाला लागतो, आणि दोघांचा हिशेब तपासणारा निवडणुकीचा खर्च पैसेवाल्याकडून घेतो. असं झालं की कुणी कटकारस्थान करायचीही गरज उरत नाही. सगळं नियमानं चालू असतं, फक्त विचारणारा कुणी नसतो.

हा डाव्यांचा विषय ना?

हमखास येणारा प्रश्न. 'लष्करी-औद्योगिक संकुल' हा शब्द गाजवला तो ड्वाइट आयझेनहॉवरनं. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या दोस्त फौजांचा सरसेनापती, नंतर अमेरिकेचा रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्ष. १७ जानेवारी १९६१ ला, पद सोडायच्या तीन दिवस आधी, टीव्हीवरून निरोपाचं भाषण करताना त्यानं सांगितलं की कायमचा शस्त्रउद्योग आणि प्रचंड सैन्य यांची अशी सांगड आपल्या देशानं याआधी पाहिलेली नाही. तिची गरज आहे, पण तिचं वजन सरकारी निर्णयांवर पडू देऊ नका. आठ वर्षं अंदाजपत्रकावर सही करणारा माणूस हे बोलतोय. आता त्यानं ते पहिल्या वर्षी ठणकावून का नाही सांगितलं, असं आमच्यातल्या एका पोरीनं विचारलं. मला उत्तर आलं नाही.

याचा सोलापूरशी काय संबंध? हे सगळं दिल्ली-अमेरिकेचं.

या प्रश्नाला मी जरा जास्त वेळ घेतो, चालवून घ्या.

भुईकोट किल्ला बघितलाय ना? बागेत फिरायला जातो तो. मे १८१८ मध्ये तो पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला टॉमस मन्रोनं. मन्रो हा इंग्लंडच्या राजाचा नोकर नव्हता, ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेचा अधिकारी होता. म्हणजे आपलं शहर घेतलं ते एका कंपनीनं. भागधारक असलेली, लाभांश वाटणारी कंपनी. १७६५ मध्ये तिला बंगालची दिवाणी मिळाली, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची फौज दोन लाखांच्या वर होती. व्यापार, कर आणि तोफा एकाच वहीत. अशी कंपनी आता कुठे असते, असं कुणी म्हटलं की मी त्याला किल्ल्याच्या तटावर घेऊन जातो.

पुढे गिरण्या आल्या. जुनी मिल १८७७ ची. भोंग्यावर शहर उठायचं, भोंग्यावर झोपायचं. त्याच काळात सरकारनं काही जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला आणि काटेरी तारेच्या आत वसवलं. ती आपली 'सेटलमेंट'. नाव अजून तेच, रिक्षावालाही तेच म्हणतो. तारेच्या आतल्या माणसांनी हजेरी द्यायची आणि गिरणीत कामाला जायचं. कुंपण सरकारचं, कामगार गिरणीला. 'एकवटलेली सत्ता' हा शब्द जड वाटत असेल तर हे चित्र डोळ्यांसमोर आणा: सकाळी फाटक उघडतं, माणसं मोजून बाहेर सोडतात, संध्याकाळी मोजून आत घेतात. तो गुन्हेगारी जमाती कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

आणि १९३०. एप्रिलमध्ये नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा लागला. लोकांनी निवडलेल्या नगरपालिकेनं लावला, हे महत्त्वाचं. ५ मेच्या पहाटे गांधीजींना अटक झाली, गिरण्यांतले कामगार रस्त्यावर आले, ८ मेला गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेला. काही दिवस शहरात सरकारच दिसेना. मग १२ मेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला तो जूनअखेरपर्यंत, ४९ दिवस. तिरंगा हातात धरणं गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर. चार पुतळ्यांच्या चौकातून आपण रोज जातो, सिग्नल हिरवा कधी होतोय ते बघत.

तेव्हा संबंध काय, हे मला नका विचारू. कंपनीची फौज, कुंपणाआडचा कामगार आणि मार्शल लॉ, तिन्ही ज्या शहरानं भोगले अशी शहरं फार नाहीत.

तुम्ही सारखं 'गिरणीचा खटला' म्हणता, तो कुठला?

वकिलीच्या मुलांना तो पुस्तकात असतो. 'शोलापूर' असं स्पेलिंग असल्यामुळे पुष्कळांना तो आपला वाटतच नाही.

ऑगस्ट १९४९ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे जुनी मिल, व्यवस्थापनानं बंद केली. हजारोंची चूल विझली. त्या काळी गिरणी चालवायचे ते 'मॅनेजिंग एजंट'. मालकी भागधारकांची, कारभार यांचा, आणि हिशेब कुणाला कळेल तेवढाच. ९ जानेवारी १९५० ला केंद्र सरकारनं वटहुकूम काढला आणि गिरणीचा कारभार ताब्यात घेतला, पुढे त्याचा कायदा झाला. कायद्याच्या प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलंय की गैरकारभार आणि हयगय यांमुळे जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनावर परिणाम झाला आणि बेकारी आली. एका गिरणीसाठी एक आख्खा कायदा!

एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. देशात एवढ्या कंपन्या असताना आमच्याच एकीसाठी कायदा का, समानतेचं काय, हा त्याचा मुद्दा. ४ डिसेंबर १९५० ला पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी अर्ज फेटाळला, दोघांनी वेगळं मत दिलं. संविधान लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. समानतेच्या कलमावरच्या अगदी सुरुवातीच्या निकालांपैकी हा एक, आणि तो आपल्या जुन्या मिलवरून.

गोष्ट इथेच संपली असती तर मला सांगायला सोपं गेलं असतं. पण सरकारनं नेमलेल्या संचालकांनी भागधारकांकडे शेअरचे उरलेले पैसे मागितले, दुसरा एक भागधारक कोर्टात गेला, आणि डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की भरपाई न देता मालमत्ता अशी ताब्यात घेता येत नाही, वटहुकूम घटनाबाह्य आहे. १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती झाली त्यामागे जे निकाल होते त्यांत हाही होता.

बैठकीत यावरून दरवेळी भांडण होतं. यंत्रमागावरचे अण्णा म्हणतात, कोर्ट मालकाच्या बाजूनं गेलं. निवृत्त मास्तर म्हणतात, सरकारला एका सहीवर कुणाचंही काहीही घेता आलं तर उद्या तुझा माग जाईल. मला दोघांचंही पटतं. मालकाचा गैरकारभार खरा होता, आणि सरकारचा हातही मोकळा सोडण्यासारखा नव्हता. त्यात समाधानाची गोष्ट एकच : गिरणीवाल्याला सरकारनं विचारलं, सरकारला कोर्टानं विचारलं, कोर्टाच्या निकालावर संसदेनं घटनाच बदलली. सगळे एकमेकांना अडवत होते.

मग सगळं सरकारच्या ताब्यात दिलं की प्रश्न मिटला?

वरचं उत्तर पुन्हा वाचा. १९७५ ची आणीबाणी ना कुठल्या कंपनीनं लादली ना सैन्यानं.

सीमेवर जवान उभा आहे म्हणून तुम्ही इथे बसून बोलताय. त्यांच्यावर शंका घेता?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो आमच्याच हवालदार काकांनी. खुर्ची मागे सारून उभे राहिले, आवाज चढलेला. मी चाचरत काहीतरी बोललो. खरं उत्तर त्यांनीच दोन महिन्यांनी दिलं. बुटांची गोष्ट सांगितली. त्यांच्या तुकडीला एकदा बुटांची नवी खेप आली, उंचावर पंधरा दिवसांत तळ सुटायला लागले. तक्रार कुणाकडे करायची? सुभेदारानं सांगितलं, वरून आलंय. वरच्यांनी सांगितलं, मंजूर नमुन्याप्रमाणे आहे. काकांनी सुतळीनं बूट बांधून तो हिवाळा काढला. "शंका जवानावर घेऊ नका," म्हणाले, "बूट कुणी पास केला ते विचारा. आम्हाला विचारता येत नाही. तुम्हाला येतं."

त्यानंतर हा प्रश्न आला की मी गप्प बसतो आणि काकांकडे बघतो.

आपल्याकडे सैन्यानं कधी सत्ता घेतलीच नाही. उगाच भीती कशाला?

घेतली नाही हे खरं, आणि ती नुसती पुण्याई नाही, त्यामागे केलेली व्यवस्था आहे. एकाच ब्रिटिश फौजेचे दोन तुकडे झाले. तिकडे पाकिस्तानात १९५८, १९७७ आणि १९९९ मध्ये जनरल गादीवर बसले, इकडे एकदाही नाही. इंग्रजांच्या काळात कमांडर-इन-चीफ हा व्हाइसरॉयच्या खालोखालचा माणूस असे. स्वातंत्र्यानंतर भूदल, नौदल, हवाईदल यांचे प्रमुख वेगळे आणि बरोबरीचे केले, १९५५ मध्ये कमांडर-इन-चीफ हे बिरुदही काढून टाकलं. सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे, आणि ते कसं वापरायचं हे कायद्यानं ठरणार. थोडक्यात, किल्ली एकाच्या कमरेला राहू दिली नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे लक्ष जात नाही : आपल्या सैन्याला स्वतःचा धंदा नाही. पाकिस्तानात फौजी फाउंडेशन १९५४ पासून आहे. माजी सैनिकांच्या कल्याणासाठी निघालं. आज खत, सिमेंट आणि न्याहारीच्या सीरियलपर्यंत त्याच्या कंपन्या आहेत. म्यानमारमध्ये तर १९९० च्या दशकात सैन्यानं दोन मोठ्या कंपन्या उभ्या केल्या. त्यांतली एक एका जपानी कंपनीबरोबर भागीदारीत बिअर विकायची. नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी सैन्याच्या विरोधातल्या पक्षाला भरभरून मतं दिली, १ फेब्रुवारी २०२१ ला सैन्यानं सत्ता घेतली. जपानी कंपनीनं भागीदारी मोडायचं जाहीर केलं ते त्यानंतर. ज्या सैन्याचा पगार संसद मंजूर करते त्याला संसदेची गरज असते. ज्याचं घर बिअरच्या नफ्यावर चालतं, त्याला संसद कशाला हवी?

आज सोलापुरात मार्शल लॉ लागू शकतो का?

संविधानात मार्शल लॉची व्याख्या नाही. कलम ३४ मध्ये तो शब्द येतो तो एवढ्यासाठीच की अशा काळात सरकारी माणसांनी केलेल्या कृत्यांना संसद नंतर संरक्षण देऊ शकते. आणीबाणी वेगळी, ती कलम ३५२ ची. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं त्यातला 'अंतर्गत अशांतता' हा ढिला शब्द काढून 'सशस्त्र बंड' घातला, आणि आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही असं पक्कं केलं. म्हणजे १९३० सारखं सहजासहजी नाही. मात्र कलम ३४ वाचताना आपल्या शहरातल्या माणसाला थोडं वेगळं वाटतं, एवढं सांगतो.

पण कंपन्यांकडे आज बंदुका कुठे आहेत?

काहींकडे आहेत. रशियात वॅग्नर नावाच्या खासगी फौजेनं जून २०२३ मध्ये थेट मॉस्कोच्या दिशेनं कूच केलं होतं. एका दिवसात मिटलं, पण स्वतःचं सैन्य ठेक्यानं दिल्यावर काय होतं ते जगानं पाहिलं.

बहुतेकांना बंदूक लागत नाही, दुसऱ्याची चालते. ग्वाटेमालात युनायटेड फ्रूट ही केळ्यांची अमेरिकन कंपनी होती. निवडून आलेल्या आर्बेंझ सरकारनं १९५२ च्या कायद्यानं पडीक जमिनी घेऊन भूमिहीनांना वाटायला सुरुवात केली, कंपनीची जमीनही त्यात गेली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सीआयएनं ते सरकार उलथवलं. नुसती जमीन हे कारण नव्हतं, शीतयुद्ध होतंच; पण कंपनीची ओरड वॉशिंग्टनमध्ये नीट ऐकू जात होती.

आणि घरचं सांगायचं तर निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायचे कागद. पूर्वी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता यायची. २०१७ मध्ये ती मर्यादा काढली आणि देणारा कोण हे मतदाराला कळणार नाही अशी सोय झाली. २०१८ पासून १६,००० कोटींहून जास्त रकमेचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं योजना रद्द केली, मर्यादा काढणंही रद्द केलं. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या तेव्हा आमच्या माडीवर एक मुलगा मोबाइलवर नावं मोठ्यानं वाचत होता. दर दोन-तीन नावांमागे कुणीतरी विचारायचं, "ही काय करते बे?" आणि कुणालाच माहीत नसायचं.

आता नवीनच प्रकार : युक्रेनच्या युद्धात आघाडीवरच्या फौजांचं इंटरनेट एका खासगी कंपनीच्या उपग्रहांवर चाललंय. बटण कुणाच्या हाती, हा प्रश्न मन्रोच्या काळचाच, तोफ तेवढी बदलली.

संरक्षण उत्पादन खासगी झालं तर बिघडलं कुठे? रोजगारच येईल.

येईल, आणि सरकारी कारखान्यात सगळं आलबेल होतं असंही नाही. २००१ मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, परदेशी गुंतवणूक तेव्हा २६ टक्क्यांपर्यंत. २०२० मध्ये विनापरवानगी ७४ टक्क्यांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारी शस्त्रकारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये होते.

अडचण ही की हा बाजार म्हणजे आपला मंगळवार बाजार नाही. गिऱ्हाईक एकच, सरकार. विकणारे मोजके. भाव बाहेर सांगायचा नाही. आणि माल वापरणारा, म्हणजे हवालदार काका, तक्रार करू शकत नाही. अशा बाजारात ओळख हाच भाव ठरतो. बोफोर्स या स्वीडिश कंपनीशी तोफखरेदीचा करार १९८६ चा, दलालीची बातमी फुटली एप्रिल १९८७ मध्ये, तीही स्वीडनच्या रेडिओवरून. तोफ चांगली निघाली, कारगिलमध्ये गाजली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं.

गुप्तता तर लागणारच ना?

लागते. कुठली तुकडी कुठे आहे हे कुणी विचारत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ८(१)(क) मध्ये देशाच्या सुरक्षेची आणि (घ) मध्ये व्यापारी गुपिताची सवलत आहे. पण ८(२) म्हणतं की लोकहित मोठं असेल तर तरीही माहिती देता येते. हे पोटकलम अर्जात लिहायला लोक विसरतात.

माझा स्वतःचा अनुभव अगदी साधा आहे. एका कार्यालयात, नाव नको, ठेक्यानं नेमलेल्या पहारेकऱ्यांचा करार मागितला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, तीस दिवस थांबलो. उत्तर आलं एका ओळीचं : सुरक्षेच्या आणि व्यापारी गुपिताच्या कारणास्तव देता येत नाही. फाटकावरच्या त्या पहारेकऱ्याला महिना किती मिळतो एवढंच मला बघायचं होतं. त्याला विचारलं असतं तर त्यानंच सांगितलं असतं, आणि पहिल्या अपिलानंतर शेवटी तसंच केलं. करारातला आकडा नंतर मिळाला. दोन आकड्यांत बरंच अंतर होतं.

मी एकटा काय करणार?

एकट्यानं करू नका, कंटाळा येतो. आमच्याकडे दोघी बहिणी आहेत, विडी कामगाराच्या मुली. त्यांनी ठरवलंय की दर वर्षी सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा संरक्षणावरचा एक अहवाल घ्यायचा आणि त्यातला एकच परिच्छेद मराठीत करून आणायचा. अहवाल संसदेत मांडले की फुकट बघायला मिळतात. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवालही तसेच. अर्थसंकल्पी अधिवेशनात वेळ संपला की उरलेल्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर होतात, त्याला 'गिलोटिन' म्हणतात. आपल्या खासदाराला विचारा, या वर्षी कुठल्या खात्यांवर चर्चा झाली. पत्राला उत्तर येतं. मला एकदा आलं.

बैठक कुठल्या पक्षाची?

सगळ्या पक्षांचे लोक येतात आणि सगळे हाच प्रश्न विचारतात.

यायचं असेल तर?

शेवटचा रविवार, संध्याकाळी सहा. जिना अरुंद आहे, चपला खालीच काढा. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेव्हा आपली बाटली आणा. या वेळी १९५० च्या निकालातली वेगळं मत देणाऱ्या दोघांची पानं वाचणार आहोत. झेरॉक्स वीसच काढल्यात. अण्णा आणि मास्तर दोघंही येणार आहेत, त्यामुळे साडेआठच्या आत उठायचा बेत नको.